सुई दोन क्लिक आत

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
शुक्रवार

प्रिय दादा,

जय भीम. पत्र बघून घाबरू नको, घरी समदे बरे हायेत. फोनवरच सांगायचं होतं. या आठवड्यात तीनदा लावला. तू "बोल ना करू" म्हणतोस आणि माझ्या तोंडातून "काय नाय, जेवलास का" एवढंच निघतं. म्हणून लिहितेय. नववीत शाळा सोडल्यापासून एवढं कधी लिहिलं नाय, चुका काढत बसू नको.

पुण्याला जाताना तू म्हणलास, पडलेल्या रिमोटच्या विमानाचं इंजिन भंगारात घाल. मी घातलं नाय. पप्पांच्या गॅरेजात जुन्या बॅटऱ्यांच्या मागं फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. विमानाचं काय उरलंच नव्हतं, पण इंजिनाला नुसते ओरखडे. परवा ते काढलं, पेट्रोलनं धुतलं, नवा प्लग टाकला आणि टाकीसकट एका फळीवर बोल्टांनी आवळलं. सुईला मात्र हात लावला नाय. इंधनाची ती सुई पडायच्या दिवशी जिथं होती तिथंच ठेवली.

सोमवारी विमान क्लबचे तात्यासाहेब आले होते. गॅरेजच्या दारात स्कूटर लावली आणि पप्पांना म्हणले, "अप्पाराव, पोरगी रविवारी द्या आमच्याकडं. शाळेच्या पोरांना विमानं दाखवायचीत." मग माझ्याकडं बघून म्हणले, "क्लबची चारी इंजिनं तू लावायची. तुझ्या भावाचा अंगठा भरवशाचा नव्हता, पण तुझा कान लई पक्का हाय." पप्पा खाली बघत पाना पुसत राहिले. मी मान हलवली. दादा, मी हो म्हणून मान हलवली आणि रात्रभर त्या मानेला झोप नाय.

डिसेंबरातला क्लबच्या कार्यक्रमाचा तो रविवार तुला आठवायला नको वाटत असंल. पण एक गोष्ट तुला ठाऊकच नाय. तू पाहुण्यांना खुर्च्या मांडत होतास आणि मी मंडपाच्या कडेला इंजिन लावत होते. चांगलं लागलं होतं. हळू ठेवलं की टिकायचं, रिमोटची दांडी एकदम पुढं केली की जरा धूर सोडून उचलायचं. आपण नेहमी तसंच ठेवतो, थोडं जास्त इंधन पिणारं. तेवढ्यात क्लबातला हिमांशू आला, त्याच्यासंगं चार पोरं. "काय मिस्त्रीण, याला टीबी झालाय का? खोकतंय किती!" समदे हसले. त्याची बारकी बहीण हिमानी पण हसली, तिला तर काय कळतही नव्हतं. माझे कान तापले. त्यांच्यासमोरच मी सुई दोन क्लिक आत घेतली, इंधन कमी केलं. धूर गेला, आवाज असा कडक निघाला की हिमांशू म्हणला, "हां, अब हुई ना बात." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

सुई हलवली की नाक वर करून बघायचं, हे तूच शिकवलंस. एकानं विमान धरून नाक आभाळाकडं करायचं, दुसऱ्यानं दांडी फुल ठेवून ऐकायचं. आवाज जरा चढला तर ठीक. बसला तर इंधन कमी पडतंय, वर चढताना इंजिन दगा देणार. धरायला नेहमी तू असायचास, आणि तू तर पाहुण्यांपाशी. हिमांशूला "जरा धर ना" म्हणायचं होतं फक्त. तीन शब्द. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग मनाशी म्हणलं, दोन क्लिकनं काय होतंय. तू घाईत आलास, विचारलंस, "झालं ना करू?" मी मान हलवली.

पुढचं तू पाहिलंस, मी ऐकलं. टाकी अर्धी झाल्यावर तू विमान हळू करून पोरांच्या समोरून खालून नेलंस. समदे टाळ्या वाजवत होते. मग तू दांडी पुढं केलीस, नाक वर गेलं. मला तिथंच कळलं. आवाज आधी पातळ झाला, मग बसला, मग बंद. आवाज गेल्यावर मैदानात जी शांतता झाली ती मला अजून ऐकू येते. विमान पोरांच्या रांगेकडं वळायला लागलं होतं आणि तू ते मुद्दाम जमिनीत घातलंस. पंख्याचा तुकडा उडाला. हिमानीच्या खांद्याला चार टाके पडले. तिची आई ओरडत होती, तात्यासाहेब धावत होते, आणि कुणी इंजिनाकडं बघायच्या आधीच तू म्हणलास, "माझा अंगठा घसरला."

का म्हणलास? तुला खरंच तसं वाटलं, का तू माझ्याकडं बघून म्हणलास? तू बघितलं होतंस, एवढं मला आठवतं. पण तुझ्या तोंडावर काय होतं ते वाचता आलं नाय.

त्या एका वाक्यानं तुझं काय काय गेलं ते मी मोजत बसत नाय. क्लबनं तुझं उडवणं बंद केलं. ड्रोन शिकवायच्या नोकरीसाठी तात्यासाहेब तुझं नाव देणार होते, ते त्यांनी दिलं नाय. आता तू पुण्यात गोदामात खोके उचलतोस. आणि मी इथं, पक्क्या कानाची.

बुधवारी भर दुपारी मी फळी मागच्या अंगणात नेली. टाकी मुद्दाम अर्धीच भरली. धरायला आईला बोलावलं. तिनं पदर खोचला, फळी दोन्ही हातांनी धरली आणि इंजिन सुरू झाल्यावर ओरडली, "अगं बाई, हे मला घेऊन उडतंय की काय!" मी म्हणलं, नाक वर कर. तिनं केलं. दांडी पुढं ढकलली. एक, दोन, तीन. आवाज पातळ झाला, बसला, बंद. परत लावलं. परत तसंच. तिसऱ्यांदा पण. मग सुई दोन क्लिक बाहेर घेतली. हळू, फुल, हळू, फुल, नाक वर, नाक खाली. दहा वेळा केलं, एकदाही अडकलं नाय. आई म्हणली, "आता बंद कर, माझे हात बधिर झाले. आणि चाललंय की चांगलं, रडतीस कशाला?" मी तिला काय सांगितलं नाय. तुला सांगायच्या आधी कुणाला सांगायचं नव्हतं.

आता हे का लिहिलं ते. पत्र आज रात्रीच्या पुण्याच्या बसमधून पाठवतेय, उद्या तुझ्या हातात पडंल. परवा रविवारी मी मैदानावर जाणार. इंजिनांना हात लावायच्या आधी तात्यासाहेबांना सांगणार, हिमानीची आई आली असंल तर तिच्यासमोर, हिमांशूसमोर पण. फळी सोबत नेणार हाय, तोंडातून शब्द निघाला नाय तर सुई आत घेऊन दाखवीन. मला लई भीती वाटतेय. शाळेत बाईंनी उभं केलं की तू पुढच्या वर्गातून येऊन माझ्याऐवजी उत्तर द्यायचास. घरी पाहुणे आले तरी तूच बोलायचास. तात्यासाहेब रविवारी तुला फोन करतीलच, खरं काय विचारायला. मला माहीत हाय तू काय म्हणशील. पोरगी साधी हाय, माझ्यासाठी वाईट वाटतंय म्हणून स्वतःवर घेतेय, असं म्हणशील, आणि ते तुझंच ऐकतील. दादा, तसं म्हणू नको. पाया पडते तुझ्या. काय बोलायचं नसंल तर फोन उचलू नको, पण मला खोटं पाडू नको.

तुझीच धाकटी,
करुणा