साठीचं हृदय

अकोला,
ता. १८ फेब्रुवारी १९६५

चि. मोतीराम यास शेषरावमामाचा जयभीम.

इकडे ठीक. जिनिंग चालू आहे, कापूस यंदा बरा. अमरावतीहून तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा राग जास्त आला.

तू लिहितोस, गेलेल्या पुंजाजीमामाच्या हृदयातल्या कणिका, ज्या अन्नातून बळ काढतात, त्या थकलेल्या निघाल्या, "साठीच्या माणसाला साजेशा." साठी कोणाची? पुंजाजी माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि मी सत्तेचाळीसचा. ज्यानं तुला खांद्यावर बसवून बाजार दाखवला, त्याचं वय तू पांढऱ्या केसांवरून लिहिलंस? की तुमच्या साहेबांना म्हातारी हृदयं कमी पडत होती? रडणाऱ्या वहिनीची समजूत घालून मी ते हृदय तुमच्या प्रयोगशाळेला दिलं, ते याकरिता नाही.

तुझ्या आईला, भागीरथाबाईला, पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुंजाजी माह्यापेक्षा धाकटा. तो साठचा, तं मी कितीची रे? पोट्ट्याले इचार बरं, लाकडं जमवून ठेवू काय?" हसली, आणि हसता हसता तिला दम लागला.

मी तुझ्यासारखं डॉक्टरीचं कॉलेज पाहिलं नाही; शब्दकोश उशाशी घेऊन शिकलो आणि फिटर झालो. इंजिन बंद पडलं की "जुनं झालं" म्हणून मला हात झटकता येत नाहीत. आमचा बाप एक, भाकर एक. थोरल्या आईच्या जानरावदादानं, आमच्या सावत्र भावानं, पुंजाजीसारखी जन्मभर गिट्टीच फोडली. तो सत्तरीत सायकलीवर बोरगावला जातो. आमची आई मात्र बेचाळिसाव्या वर्षी चुलीपुढे बसल्या बसल्या गेली. तिचा भाऊही तसाच. आता पुंजाजी. याला म्हातारपण म्हणत नाहीत. आईकडून काही आलं असेल, तर ते शोधायचं दार तुम्ही "साठ" लिहून लावून घेतलं.

मी दिवाळीपासून शिडी चढत नाही. रुईची धूळ छातीत जाते, असं कारखान्यात सांगितलं आहे. तुझी आई विहिरीवरून दोनाऐवजी एकच घागर आणते आणि ओट्यावर टेकते. तुला कळवायचं नाही, अशी तिची तंबी आहे.

वय एकोणपन्नास लिही. साहेब रागावले तर माझं नाव सांग. मग रविवारी ये. आधी तिची छाती तपास, नंतर माझी. आणि निघण्यापूर्वी तिथल्या कुणाकडून तुझी तपासून घे. तूही तिच्याच पोटचा आहेस.

तुझ्या आईचा सख्खा भाऊ,
शेषराव