तो जेवताना तुम्ही शेजारी बसायचात

अण्णा,

रविवारी साताऱ्याहून सांगलीला येताना मी कराडजवळ मलकापूरला उतरले. इतकी वर्षं या रस्त्यानं जाते-येते, पण ते गाद्यांचं दुकान जवळ आलं की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायची. या वेळी का उतरले ते मला नीट सांगता येणार नाही. घरी आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, आणि तुमच्याशी बोलायचं म्हटलं की सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते. आपल्या दोघांत कायम तोच पहिला यायचा.

मी पाचवीत असताना तुम्ही त्याला घरी आणलंत. कराडला फुटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून गेला होतात, तिथं हा अनवाणी खेळणारा मुलगा दिसला. त्याच संध्याकाळी तुम्ही त्याच्या वडिलांच्या गाद्यांच्या दुकानात कापसाच्या ढिगाशेजारी बसून म्हणालात, "पोरगं माझ्याकडं द्या. शाळा आणि खेळ दोन्ही बघतो." तुम्ही आईला हे सांगत होतात तेव्हा तो पिशवी घेऊन दारात उभा होता. आपलं जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. सराव मात्र अंधार पडेपर्यंत चालायचा. तुम्ही ऊन असतानाच मैदानावर डबा खाऊन घ्यायचात आणि त्याचं ताट आई झाकून ठेवायची. तो जेवायला बसला की तुम्ही शेजारी बसायचात, काही न खाता, त्याच्याशी बोलत. आज कुठं चुकला, कुठं छान वळला. मी जेवायची तेव्हा तुम्ही मैदानावर असायचात. अंड्याला जन्मात हात न लावलेले तुम्ही, त्याच्यासाठी गाडीवाल्याकडून उकडलेली अंडी घ्यायचात आणि त्याचं खाऊन होईपर्यंत रस्त्याकडं तोंड करून उभे राहायचात. हे मी पाहिलंय. माझ्यासाठी तुम्ही कुठं तोंड फिरवून उभे राहिलात, ते मी खूप आठवून पाहते.

त्याचा खेळ सामान्य असता तर माझं सोपं झालं असतं. तो डाव्या पायानं खेळायचा. चेंडू आला की घाई करायचा नाही, जरासा खांदा पाडायचा, आणि समोरचे दोघं भलतीकडंच पळालेले असायचे. मैदानाच्या कडेला सायकली थांबायच्या. हळदीच्या पेठेतले हमाल अंगावरची पिवळी पूड न झटकता बघत उभे राहायचे. मीही बघायची. मला तो खेळ आवडायचा, आणि मग मी तुमच्याकडं बघायची. तुमचे ओठ त्याच्या पायांबरोबर हलत असायचे.

आई माहेरी गेली होती म्हणून एकदा साताऱ्याच्या सामन्याला तुम्ही मला बरोबर नेलंत. त्यानं शेवटी शेवटी एक गोल केला आणि तुम्ही असे धावलात की एक चप्पल मागंच राहिली. त्याचं डोकं तुम्ही दोन्ही हातांत धरलंत. परतीच्या एसटीत तो तुमच्या खांद्यावर डोकं टेकून पडला होता आणि मी खिडकीशी होते.

"अण्णा, मलाही शिकवा की," मी म्हणाले.

"तू अभ्यास कर."

"का? मुलींना पाय नसतात?"

"गप बस. गाडीत लोक आहेत."

तो जागाच होता. डोळे न उघडता म्हणाला, "घ्या की सर हिला. लय पळती ही." तुम्ही हसलात. माझ्या बोलण्याला नाही, त्याच्या. त्यानं माझी बाजू घेतली होती, आणि तेवढा राग मला त्याचा पूर्वी कधी आला नव्हता.

पुढं पुण्याच्या एका संघानं त्याला बोलावलं. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला आणि तिथं काविळीनं पडला. गावठी औषधात दिवस गेले, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. पुण्याला तो गेलाच नाही. तुम्ही मातीला जाऊन आलात, शिट्टी खुंटीला अडकवलीत, ती परत गळ्यात घातली नाहीत. त्यानंतर तुम्ही वर्गात फक्त भूगोल शिकवलात. मला वाटलं होतं, आता अण्णा आपले. पण तुम्ही संध्याकाळी त्याच जागी येऊन बसायचात, ताट नसलेल्या जागेशेजारी. जिवंत होता तेव्हा निदान तो चुकायचा, तुम्ही त्याच्यावर ओरडायचात. गेल्यावर त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. चुका सगळ्या माझ्या वाट्याला आल्या. कॉलेजवरून, नोकरीवरून, लग्नावरून मी तुमच्याशी भांडत राहिले, आणि प्रत्येक भांडणाच्या शेवटी तुम्ही तेच म्हणालात, गप बस. अगदी शेवटी, दवाखान्यातल्या खाटेवरूनसुद्धा.

दुकानात आता त्याचा धाकटा भाऊ बसतो. आत त्याची आई होती, खूप थकलेली. सांगलीच्या सरांची मुलगी म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरून मला गादीवर बसवलं.

"सर दर ईदला यायचे. तुला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. आम्हाला तुम्ही शाळेच्या कामासाठी कराडला जातो म्हणून सांगायचात.

"शिरखुर्मा घ्यायचे वाटीभर. माझ्या पोराचं नाव काढायचे न्हाईत. मीबी काढायची न्हाई."

"मग काय बोलायचे?"

"तुजंच की बाई. म्हणायचे, माझी पोरगी माझ्याशी भांडती, आन् दर खेपेला तिचंच बरोबर असतंय. आन् हसायचे."

अण्णा, त्या माउलीचा मुलगा गेला. तिचा हेवा करू नये, एवढं मला कळतं. तरी वाटला. ज्या एका वाक्यासाठी मी जन्मभर तुमच्याशी भांडले, ते तिला दर ईदला घरबसल्या ऐकायला मिळत होतं. त्याला तुमचा खांदा मिळाला, तिला ते वाक्य. हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून एवढं सांगते. त्याच्या आईचं ते बोलणं मला पहिल्या वेळीच स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी रस्त्यावर गाड्यांचा आवाज आहे, ऐकू आलं नाही, असं म्हणून मी ते त्यांना परत म्हणायला लावलं.