माझ्याकडून आलं तरच उघडा

शुक्र. १२ डिसें., पिंप्राळा
सावद्याचं केळी भरायचं काम सोडून मित्राच्या, दीपकच्या खोलीवर आलो, आज तिसरा दिवस. सोमवारी सुरत, नव्या कामावर.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका. मावसभावाच्या नंबरवरून. पत्रिका बघितलीच नाही म्हटलं तर भावकीत वर्षभर ऐकावं लागतं, म्हणून लगेच उघडली. इन्स्टॉल करू का? हो. मेसेज वाचू का? हो. नवरा-नवरी काही दिसले नाहीत. चहाला गेलो, तिथे कॅरम चालू होता, बसलो.

परत येतो तर तीच पत्रिका माझ्या नंबरवरून सगळ्यांना गेलेली.

दीपक : "अभिनंदन भो, पोरगी कुठली?" मग फाईल बघितली. "येड्या, पत्रिका फोटो असते, ॲप नसते. आधी सिम बंद कर, बँकेचे ओटीपी वाचतील."

कंपनीला सांगून बंद केलं. नवं मिळायला दोन दिवस.

मग नाना आठवले.

शनि. १३, सकाळ
धुळ्याचे चुलते, देवपुरात एकटे. त्यांना मोबाईल मीच शिकवला. अनोळखी नंबर उचलायचा नाही. फाईल कुणाचीही उघडायची नाही, माझ्याकडून आली तरच. शहाणपणा.

दीपकच्या फोनवरून कितीदा लावला. उचलत नाहीत. उचलतील कसे. शेजाऱ्यांचा नंबर नाही.

एक बरं, नाना नेट चालू करतात ते दुपारी जेवल्यावरच. म्हणजे एकच्या आत धुळे. नऊची बस.

शनि., नानांकडे
एरंडोलला बस थांबली. सावद्याचा ट्रकवाला दिसला. "अरे, चाय तो पी." उतरलो. ट्रकमधला नवा टेप ऐकवत बसला. बस गेली. मागच्या दोन खचाखच, थांबल्याच नाहीत.

पोचलो तीनला. नाना दारातच, खुशीत. "तुनं लगीन, अन माले पत्रिकावरथीन समजस?"
"उघडली का?"
"उघडनीच नही रे. ते इचारत गयं, मी हा म्हनत गऊ."

म्हणजे मी एरंडोलला बसची वाट बघत होतो तेव्हा.

रवि. १४
नानांचा फोन बंद, सिम काढलेलं. बँकेच्या नंबरवर शेजारून फोन केला. खातं थांबवलंय म्हणतात. त्याआधी काही गेलं का, ते उद्या शाखेत. काल दुसरा शनिवार, आज रविवार.

सुरत राहिलं. दोनदा चौकापर्यंत जाऊन आलो, पुढे पाय जात नाही. नानांनी शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो. वाढताना भाकरी जास्तच.

आत्ता हात धुताना विचारलं, "आते तुना फोन उना, तं उचलू का नको?"

उचला, म्हणणार होतो. पण पत्रिकाही माझ्याच नंबरवरून आली होती.