बेचाळीस टाके

डिंडोली, सुरत
बुधवार, २१ जानेवारी २०२६
सकाळी साडेनऊ

चि. मनूस आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक आहोत असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझ्या आईचा गुडघा आहे तसाच. आपल्या दोन्ही मशिनी चालू आहेत, शाळेच्या दप्तरांची पट्टी निघते आहे, काळी, सव्वा इंची. इथली थंडी म्हणजे काय, सकाळी अर्धा तास स्वेटर. तुमच्याकडे उणे अकरा, असं तू आईला सांगितलंस. उणे अकराला नायलॉनचा धागा कडक होतो, हे मी तुझा पट्टा करताना धरलं होतं. म्हणून आतून पॉलिस्टर घेतलं.

लोचोचे मोजे कसे बसले? मापं मी तू पाठवलेल्या कागदावरूनच घेतली. पुढचे पंजे साडेसात सेंटिमीटर, मागचे पावणेसात. मागचा डावा मला थोडा सैल वाटला होता, तो निघत असेल तर दोन बोटांवर गाठ मार, चालेल. हिमालयातल्या कुत्र्याला आपल्या सुरती नाश्त्याचं नाव ठेवणारी तूच. पण फोटोत पाहिलं तेव्हा पटलं. पिवळा, गुबगुबीत, घडी नसलेला. लोचोच.

मनू, एक काम कर. कमरेचा पट्टा वापरू नकोस. गळ्याछातीचा साज लोचोला घाल, त्याला काही नाही. पण तुझ्या कमरेचा पट्टा, ज्याला त्याचा दोर अडकतो, तो काढून ठेव. जुना दोर हातात धरून चाल. रुंद बूट घालून त्याला घेऊन बर्फात नुसती चाललीस तरी तुमच्या पाहुण्यांना मजा येते असं तूच म्हणाली होतीस. रविवारची शर्यत ह्या वेळी दुसऱ्या कोणाला करू दे.

का ते लिहितो. लिहायलाच बसलो आहे.

डिसेंबरात आईने फोन माझ्या कानाला लावला आणि तू म्हणालीस, "आप्पा, पट्टा तुटला. बाहेरून मागवला तर दोन महिने लागतील. तुम्ही कराल?" मी म्हणालो, "सँपल पाठव." चौदा महिन्यांनी मी तुझ्याशी दोन शब्द बोललो आणि ते हे. फोन ठेवून मी कारखान्यात गेलो आणि उगाच मशीन पुसत बसलो. चांगली नोकरी सोडून, कुत्रा कमरेला बांधून त्याच्यामागे बर्फात फळ्यांवर घसरत जायचं हा काय धंदा, असं मी म्हणालो होतो. आठवतं मला. शब्दासकट आठवतं.

सँपल आलं ते मी तीन दिवस उघडून, मोजून, वहीत काढून पाहिलं. आठवीपर्यंत शिकलेला माणूस मी. पट्टी विणणारी निडल लूम मला कोणी शिकवली नाही, ताणाच्या जागी दाट टाके मारणारी बारटेकची मशीन कोणी शिकवली नाही. वस्तू समोर ठेवली की ती बोलते, हे तू लहानपणापासून माझ्या तोंडून ऐकलंस. तुझ्या कमरेच्या पट्ट्याने मला सगळं सांगितलं. रुंदी, अस्तर, ताण कुठे येतो, कुठे कापलं. एकच गोष्ट मला चुकीची दिसली. समोर जिथे दोर अडकतो तिथे एक पिन होती, आणि पिनेला लाल नाडी. नाडी ओढली की पिन सरकायची आणि दोर मोकळा.

मला वाटलं, बनवणाऱ्याचा आळस. कुत्र्याने जोर लावला, नाडी कशात अडकली, की सुटलं सगळं. ज्या जागी सर्वांत जास्त ताण, तिथेच सुटणारी वस्तू? मी पिन पट्टीच्या आत घेऊन वरून बारटेक मारला. बेचाळीस टाके, दोन थरांतून, बाँडेड धागा. छताच्या लोखंडाला टांगून खाली धाग्याच्या चार गोण्या लटकवल्या, दोनशे किलो, एक अख्खा दिवस. केसाएवढं हललं नाही. आणि लाल नाडी सँपलसारखी दिसावी म्हणून वरून तशीच शिवून ठेवली. शोभेला.

सँपलबरोबर एक इंग्रजी कागद होता. तो मी वाचून घेतला नाही. बारटेकची मशीन एका पायावर डुगडुगायची, कागद चार घड्या करून त्या पायाखाली घातला. त्याच मशीनवर तुझा पट्टा शिवला, मनू. कागद खाली, पट्टा वर.

काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरची नेहा आली होती, कॉलेजची फाईल शिवून घ्यायला. मी तिला मोठ्या हौसेने जुनं सँपल दाखवत होतो, ह्यात त्यांची चूक कशी होती आणि मी ती कशी सुधारली. ती म्हणाली, "काका, पण लाल रंग उगाच कोणी देतं का?" मी हसलो. ती म्हणाली, "काही लिहून आलं नव्हतं बरोबर?" मी मशीन उचलून कागद काढून दिला. तिने उभ्याउभ्या मराठीत सांगितला. कुत्रा उताराकडे, पाण्याकडे, पातळ बर्फाकडे किंवा गाडीकडे धावला तर माणसाने लाल नाडी ओढून स्वतःला सोडवावं. आणि खाली जाड अक्षरात, ही नाडी कधीही शिवू नये, बांधू नये, चिकटवू नये.

म्हणजे जगात कुठेतरी कोणाला ठाऊक होतं की माझ्यासारखा एक माणूस असणार.

तेव्हापासून तुझा फोन लावतो आहे. बर्फाने टॉवर पडला म्हणतात, रविवारपासून बंद. रात्रीपर्यंत एकतीस वेळा लावला. आज सकाळी तुमच्या मनालीच्या ऑफिसात लागला. तिथला माणूस म्हणाला, "रस्ता बंद है अंकल, शनिवार को गाड़ी ऊपर जाएगी, बोल देंगे." मी म्हणालो, लिहून घ्या. तो म्हणाला, घेतलं. लिहून घेणारा माणूस मध्ये थांबतो. हा थांबला नाही. मागे टीव्ही चालू होता.

म्हणून हे पत्र. आज कुरिअरने टाकतो, म्हणजे शनिवारच्या गाडीत चढेल.

दुपारी पावणेदोन

पत्र टाकायला निघालो होतो. पर्वत पाटियाच्या कुरिअरवाल्याने पत्ता वाचला आणि म्हणाला, "काका, बरफमां दस दिवस तो लागशे." दहा दिवस. मी पाकीट परत घेतलं. त्याच्या काउंटरवर एक लाल रिबिनीचं बंडल होतं, मला तिकडे बघवेना.

तिथेच फोन वाजला. तुझा मेसेज. तुझं नाव पाहून मी कुरिअरवाल्याच्या स्टुलावर बसलो. मेसेज सोमवारचा, मध्येच क्षणभर टॉवर लागला असेल, आज पोचला.

फोटोत तू फळ्यांवर उभी आहेस, लोचोची जीभ बाहेर, पाठीमागे पांढरा उतार आणि खाली कुठेतरी काळी रेघ. ती काळी रेघ ओढा आहे का? गोठला आहे की वाहतो आहे? मी फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला. काळं असतं ते पाणी असतं एवढं मला आता कळतं. काल रात्रीपासून मोबाइलवर असल्या बर्फाचे व्हिडिओ बघून बघून कळायला लागलं आहे.

आणि खाली तू लिहिलंस ते मला पाठ झालं. "आप्पा, एक टाका हलला नाही! इथे सगळे स्वतःचे पट्टे रोज ओढून तपासतात. मी म्हटलं, हा माझ्या बापाने केलाय, ह्याला तपासायची गरज नाही. रविवारी हाच घालून धावणार."

मनू, आयुष्यभर माझ्या कामाबद्दल कोणी असं बोलावं म्हणून मी वाट पाहिली. तू बोललीस, ते नेमकं ह्या पट्ट्याबद्दल.

लगेच उत्तर टाकलं. पट्टा काढ, असं तीनदा. एकच टिक. अजून एकच आहे. लिहिताना दर ओळीला फोन उलटा करून पाहतो.

तिथून घरी आलो नाही. गणपतकाकाकडे गेलो.

का गेलो ते आता लिहितो. हे मी तुझ्या आईलाही धड सांगितलेलं नाही.

तू लहान असताना काकाचा डावा हात धरून विचारायचीस, "काका, तुमची बोटं कुठे गेली?" आणि तो म्हणायचा, "उंदरानं खाल्ली." तू खरं मानून त्याच्या घरात उंदीर शोधायचीस. उंदराने खाल्ली नाहीत. एकोणीसशे सत्त्याण्णव साली आम्ही दोघं गोडादऱ्याला एकाच खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, लूम चालवायचो. मोटरचे चपटे पट्टे सारखे सांध्यावर सुटायचे, काम थांबायचं, शेठ बोंबलायचा. मी स्वतःच्या अकलेने एक सांधा बसवला, चामड्याच्या वादीने दुहेरी शिवून. तो सुटेना. शेठ सगळ्यांना दाखवायचा, "पांडुरंगनो सांधो." मी छाती काढून फिरायचो. मग एक दिवस गणपतची बाही पट्ट्यात गेली. जुना सांधा असता तर झटक्याने सुटला असता आणि शर्ट फाटण्यावर भागलं असतं. माझा सुटला नाही. मी धावत जाऊन स्विच पाडला तोवर तीन बोटं गेली होती.

मी सगळ्यांना सांगितलं, बाही लोंबती होती, त्याचीच चूक. गणपत एक शब्द बोलला नाही. एकोणतीस वर्षं बोलला नाही. आणि मी एकोणतीस वर्षं न सुटणाऱ्या वस्तू बनवत राहिलो आणि त्यालाच काम म्हणत राहिलो.

आज मी त्याला सगळं सांगितलं. पट्टा, नाडी, कागद. तो शेंगा सोलत होता, डाव्या हाताचं एक बोट आणि अंगठा, सवयीने भराभर. ऐकून म्हणाला, "मग पत्र कशाला लिहितोस पांड्या?"

मी म्हणालो, कुरिअर दहा दिवस.

"अरे येड्या, कुरिअरचं नाही विचारत. तुला पाय आहेत का नाहीत? माझी बोटं गेलीत, तुझे पाय गेलेत का?"

मी म्हणालो, "गणपत, तो सांधा..."

तो म्हणाला, "माहीत आहे मला. तेव्हाच माहीत होतं. पोरीकडे जा आधी, मग माझ्याकडे ये रडायला."

साडेचार

तिकीट मिळालं. योगेश, तुझा मामेभाऊ, त्याने मोबाइलवर काढून दिलं. सहाची गाडी, उद्या संध्याकाळी चंदीगड, रात्रीची बस, परवा सकाळी मनाली. शनिवारी तुमची गाडी वर जाईल तेव्हा मी तिच्यात बसलेला असेन. नाही घेतलं तर तिच्यामागे चालत येईन, हे मी रागाने लिहीत नाही, अंतर विचारून घेतलं आहे. चौदा किलोमीटर.

आईने मला दारातच पकडलं. "काय व्हयनं? तोंड कसाले उतरेल शे?" मी सांगितलं. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती स्टुलावर चढून कपाटावर माझी कानटोपी शोधायला लागली, गुडघा दुखतो तरी. टोपी हातात देताना एवढंच म्हणाली, "चौदा महिना पोरसंगे बोलनात नही. आते बोला जाईसन."

पिशवीत दोन स्वेटर आहेत, तिळाचे लाडू आहेत, लोचोसाठी डाव्या मागच्या पायाचा एक नवा मोजा आहे, ह्या वेळी साडेसहा सेंटिमीटर. आणि टाके उसवायची छोटी सुरी. ती मी आज पहिल्यांदा स्वतःच्या कामासाठी घेतली. आजपर्यंत दुसऱ्यांची शिलाई उसवायला वापरायचो.

भीती कशी असते ते तुला सांगतो, म्हणजे मी बरा आहे असं तुला वाटायला नको. कारखान्यात बारटेक चालू झाला की तो बेचाळीस मारून थांबतो, मग पुढचे बेचाळीस. दरवेळी थांबला की मला तुझा फोटो दिसतो, उताराच्या खालची ती काळी रेघ. लोचो तिकडे वळतो. तुझा हात कमरेकडे जातो. लाल नाडी हातात येते, तू ओढतेस. ती माझ्या हाताने शिवलेली आहे, आणि माझं शिवलेलं सुटत नाही. आज मी मशीन बंद करून ठेवली.

आणि शनिवारच्या आधीच तू सरावाला गेलीस तर. हे वाक्य मला पुरं करता येत नाही. तसंच ठेवतो.

आता मी येणारच आहे तर पत्राचं काम काय, असं तुला वाटेल. मी मला ओळखतो, मनू. समोर उभा राहिलो की मी म्हणेन, "पट्टा दे इकडे, जरा बघू." तू विचारशील काय झालं, आणि मी म्हणेन काही नाही, जरा सुधारणा करायची आहे. सुधारणा! चूक हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. गणपतसमोर आज निघाला नाही, त्यानेच अडवून मला सोडवलं. म्हणून हे पाकीट मी आधी तुझ्या हातात देईन आणि पट्टा मागून घेईन. बेचाळीस टाके जपून उसवून नाडी परत पिनेत ओवायला मला चार मिनिटं लागतात, गार हातांनी सहा. तेवढ्यात तुझं वाचून होईल. माझ्याकडे बघू नकोस तोवर.

मग नाडी तू ओढून पाहा. माझ्यावर विश्वास ठेवून नाही, तपासून. दहा वेळा तपास. इतरांसमोर तपास. सुटली तर मी तिथे बर्फात बसेन थोडा वेळ. पुढे ह्या कुत्र्याच्या मागे घसरण्यात काय गंमत आहे ते मला दाखव. मी विचारायला हवं होतं ते तू नोकरी सोडलीस तेव्हाच.

टिक अजून एकच आहे.

रिक्षा खाली आली.

मी तुझ्याकडे पोचेपर्यंत तू धावू नयेस एवढंच मागणारा, स्वतःचे टाके उसवायला निघालेला,

तुझा बाप
पांडुरंग