बैलाची सुई

गुलबर्गा, १५ डिसेंबर २०२४

ती. अण्णास विजूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसता ओरडतोस, म्हणून लिहितेय. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथं तयार होतात. वय झालं की ती आटते. तिच्यातल्या एका पदार्थाची नक्कल, त्याला पेप्टाइड म्हणतात, आम्ही लॅबमध्ये म्हाताऱ्या उंदरांना टोचून बघायलोय.

परवा पिंजरे धुताना दोन नर चुकून एकत्र राहिले. आमच्या टोचलेल्या म्हाताऱ्यानं तरण्याचा गळा फोडला, पोट फाडलं. मी हात घातला तर माझंच बोट धरलं. मग तपासणीसाठी त्यालाही मीच मारलं. एका उंदरावरून काही सिद्ध होत न्हाई, आणि हे माणसांसाठी न्हाईच. तेव्हा अप्पांसाठी मागू नकोस. दोनदा न्यूमोनिया झाला म्हणून बापाचा उंदीर करू व्हय?

येळवशीला, अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला, येतेच. ज्योतीवहिनीला म्हणावं, भज्जी-आंबील भरपूर कर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी विजू

खजुरी, ५ जानेवारी २०२५

चि. विजूस अण्णारावचे अनेक आशीर्वाद.

अप्पांना जीपमधनं ज्योतीसंगं तुझ्याकडं दवाखान्यात धाडायलोय. मांडी भोपळ्यावानी फुगलीय, पू वाहायलाय, तापात बडबडायलेत. उशाखाली तुझ्या लॅबची रिकामी बाटली घावली. गावात सुई टोचणारा एकच, बंडेप्पा कंपाउंडर. येळवशीला आपल्या शेतात जेवायला हुता की. तवाच त्यानं तुझ्या पिशवीतून काढली असणार.

मी इचारत बसलो न्हाई. दुकानातून केसाला धरून वढला, वट्ट्यावर उजवा हात दाबला आन् जुवाच्या लाकडी शिवळंनं बोटं ठेचली. हाडं मोडल्याचं ऐकू आलं, तरी थांबलो न्हाई. त्याची बायको रत्नम्मा मधी पडली, तिलाबी ढकलली, कपाळ फुटलं तिचं. मी टोचलं न्हाई, म्हणतच हुता शेवटपर्यंत. खोटारडा. अप्पांचं बरंवाईट झालं तर मानच मोडतो त्याची.

तू जेवत जा येळच्या येळी.
तुझ्यावर जीव असलेला, अण्णा

गुलबर्गा, ९ जानेवारी २०२५

ती. अण्णास विजूचा शि. सा. न.

अप्पा वाचतील. मांडीतलं मूठभर सडकं मांस कापून काढलं. आज शुद्धीवर आले. आता बसून वाच. बंडेप्पानं टोचलं न्हाई.

माझं पत्र तू त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलंस. म्हातारा उंदीर तरण्याला फाडतो, हे त्यांच्या डोक्यात बसलं. येळवशीला आपण शेताला फेरा घालत होतो तेव्हा त्यांनी बाटली काढून घेतली. जन्मभर बैलांना स्वतःच टोचत आले, तसंच स्वतःला टोचलं. गोठ्यातल्या कोनाड्यातली बैलाची सुई, बाटलीतली पूड कालवायला विहिरीचं पाणी. कामून केलंत विचारलं, तर म्हणतात, तुमच्यावर ओझं व्हायचं नव्हतं.

बाटली गावात आली माझ्यामुळं. सुट्टीत लाईट जाईल, फ्रिज बंद पडेल म्हणून मी सगळ्या बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून पिशवीतून आणल्या. परत आल्यावर एक कमी दिसली, तर लॅबच्या वहीत फुटली असं लिहून मोकळी झाले. तेव्हाच तुला फोन केला असता तर बंडेप्पाचा हात शाबूत असता. माझी मला किळस येतेय. आज लॅबच्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी लॅबची किल्ली काढून घेतली.

वहिनी हे पत्र घेऊन येतेय. आधी बंडेप्पाकडं जा, मग ठाण्यात. माझंही नाव सांग.

मला टाकू नकोस, एवढंच मागते.
विजू

आळंद, ११ जानेवारी २०२५

विजूवन्सं यांस ज्योतीचा सप्रेम नमस्कार.

दवाखान्यातून लिहायलेय. ह्यांच्यानं पेन धरवत न्हाई. इथून ठाण्यात जायचं हाय. तुमचं नाव सांगायचं न्हाई म्हणायलेत. मी म्हणाले, सांगा.

तुमचं पत्र वाचून हे दिवसभर जेवले न्हाईत. आज सकाळी मला संगं घेऊन बंडेप्पाच्या घरी गेले. त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मग अंगणातल्या पाट्यावर उजवा हात ठेवला आणि म्हणाले, मी केलं तसंच करा. बंडेप्पा उठून आत गेला. रत्नम्मा गेली न्हाई. तिच्या कपाळाला टाके हायत अजून. तिनं वरवंटा उचलला. मी वरडले, हे हलले न्हाईत. तीनदा घातला तिनं. मग वरवंटा टाकून तीच हंबरडा फोडून रडली.

बंडेप्पा पट्टी घेऊन बाहेर आला. डाव्या हातानं गुंडाळली, गाठ दातानं आवळली. मला म्हणाला, वहिनी, धनुर्वाताच्या सुईला आळंदला न्या ह्यांना, माझ्याच्यानं आता टोचणं होत न्हाई.

अप्पांना ह्यातलं काही सांगू नका. आमच्यावर राग धरू नका.
ज्योती