दोनशे चौदाची लाइन

११ सप्टेंबर १९५१, मंगळवार

जिंकलो! पाच-एक! घसा पार बसलाय. उद्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये "नंबर सांगा" म्हणायला आवाज उरतो की नाही, देव जाणे.

बेसबॉलच्या सात सामन्यांतले चार जिंकले की चषक आपला. एकोणीस वर्षं मी आणि काझ त्याच बाकावर बसतोय, तिसऱ्या रांगेत, खांबाच्या डावीकडे. एकोणीस वर्षांत चषक एकदाही आपल्या कोल्टर गावात आलेला नाही. पाच वेळा फायनलला आलो, पाचही वेळा ऑल्डनवाल्यांनी नेला. नदीच्या वरच्या अंगाला आठ मैलांवर राहतात. त्यांचीही कागदाचीच गिरणी, वास आपल्याइतकाच घाण. नाक मात्र आभाळात.

काझने तपकिरी मोजे घातलेत. मालिका संपेपर्यंत धुवायचे नाहीत म्हणतो. मी म्हटलं, "ते मोजे घरात राहणार असतील तर मी बाहेर राहते." तर म्हणतो, "राहा. चषक आला की बोलावतो." भाऊ आहे की कोण!

१२ सप्टेंबर

हरलो. नऊ-दोन. लिहिण्यासारखं काही नाही.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

आज सामना ऑल्डनला होता. रेडिओवर ऐकला. हरलो.

मैदानात निदान ओरडता तरी येतं. रेडिओसमोर काय करायचं? काझ डोकं धरून, मी उगीच बटाटे सोलतेय — आठ बटाटे, दोन माणसांना! तिकडे कुणीतरी चेंडू मारतो आणि इकडे आपण आणखी एक बटाटा उचलतो. आपल्या हातात काही म्हणजे काही नाही. तरी उठवत नाही.

१५ सप्टेंबर, शनिवार

जिंकलो! मालिकेत दोन-दोन. टेड मॉरावेकने दोन धावा काढून दिल्या. काझने खुर्चीवर चढून मला उचललं. माझं वय एक्केचाळीस, त्याचं अठ्ठेचाळीस. त्याची पाठ धरली.

टेड आपला म्हणून जास्त आनंद. बाकीचे कुठून कुठून आलेले. टेड इथला, मेपल रस्त्याच्या टोकाच्या घरातला. हिवाळ्यात गिरणीत काझच्याच यंत्रावर असतो. त्याची बायको लोरेन बेकरीत होती तेव्हा माझा काळा राय पाव बाजूला काढून ठेवायची. आता सातवा महिना चालू आहे, डॉक्टर पेटिबोननी झोपूनच राहायला सांगितलंय. काल तिला सूप दिलं. म्हणाली, "वांडा, तो मैदानात असला की मी रेडिओ लावते आणि डोळे मिटते. डोळे मिटून काय होतं सांग? ऐकू तर येतंच!"

१६ सप्टेंबर, रविवार

लिहावंसं वाटत नाही. लिहिते तरी.

एका धावेने पुढे होतो. शेवटची इनिंग, त्यांचे दोन बाद, दोघे पळायला तयार. साधा चेंडू. लहान पोरानेही अडवला असता असा जमिनीवरून टप्पे खात टेडकडे गेला. टेड वाकला. चेंडू त्याच्या दोन पायांमधून मागे गेला.

एवढंच.

ते दोघे पळाले, दोन धावा झाल्या, सामना गेला. सगळं स्टेडियम एकदम गप्प झालं, माझ्या हातातली शेंगदाण्याची पुडी चुरचुरली ती मला ऐकू आली. मग मागून मिसेस ब्रोगन — चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिसेस ब्रोगन! — उभ्या राहून जे बोलल्या ते इथे लिहिणार नाही. मग सगळेच. काझही. मीही ओरडले. "घरी जा टेड!" असं मी ओरडले. आता लपवून काय करू.

टेड तिथेच उभा होता, हातमोज्यात बघत. जणू चेंडू अजून तिथे सापडेल.

हेझेलचं पोर आजारी म्हणून संध्याकाळी तिच्या जागी एक्सचेंजला गेले. सहापासून बोर्डावर एकच नंबर. दोनशे चौदा. दोनशे चौदा. मॉरावेकांचं घर. पहिले चार-पाच मी मुकाट्याने जोडले. पहिला शब्द कानावर पडतोच, कितीही नाही म्हटलं तरी. "ऑल्डनने किती दिले रे?" "गिरणीत पाय ठेवून दाखव." एक बाई नुसती रडत होती.

आमच्या मुख्य मिस ऑर्डवेंना विचारलं, जोडले नाहीत तर चालेल का? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "जोडायचं. ऐकायचं नाही. बोलायचं नाही. उचलायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं." पण न उचलून कसं चालेल? लोरेनची आई क्लीव्हलँडहून करते. डॉक्टर करतात.

आठ वाजता बोर्डावर स्वीनीच्या बारचा दिवा लागला, म्हणजे तिथून कुणीतरी फोन उचलला. "दोनशे चौदा."

काझचा आवाज.

आज मी नाही, हेझेल आहे, असं त्याला वाटत होतं. मी जोडून दिला.

१७ सप्टेंबर

न्याहारीला काझ: "अंडी छान झालीत." मी: "हं."

दिवसभर एवढंच बोललो.

१८ सप्टेंबर, मंगळवार

ऑल्डनला जिंकलो. मालिकेत तीन-तीन. गुरुवारी इथे शेवटचा सामना, त्यावर चषक.

वाटलं होतं जिंकल्यावर माणसं निवळतील. कसलं काय! टेडला एकही फटका मारता आला नाही म्हणून फोन पुन्हा सुरू. "गुरुवारी बस बाकावर!" "बायकोजवळ बस, तेवढंच जमेल तुला." आज मोजले. एकेचाळीस.

काझला शेवटी विचारलं, "तूही केलास ना?" तो बूट काढत होता. बराच वेळ बूटच काढत राहिला. मग म्हणाला, "एकोणीस वर्षं झाली वांडे. कुणावर तरी ओरडायचं होतं."

"कुणी उचलला?"

"लोरेनने."

"मग?"

"मग काय. तिलाच बोललो."

१९ सप्टेंबर

बेकरीच्या काचेवर टेडचा फोटो होता, तो काढलाय. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे तसेच.

२० सप्टेंबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते. क्रम चुकवून चालणार नाही.

गिरणीला दुपारनंतर सुट्टी. सामना तीनला. माझी ड्यूटी. मी आपणहून मागून घेतली. बाकावर काझशेजारी बसवलं नसतं. मिस ऑर्डवेसुद्धा सामन्याला गेल्या. बोर्डावर मी एकटी.

साडेबाराला लोरेनचा फोन. आवाज अगदी बारीक. "वांडा, टेड गेला. सकाळपासून अठरा फोन झाले. डोकं फुटतंय. आज एक दिवस थांबवता नाही येणार?"

मी म्हटलं, "तू झोप. मी बघते."

लाइन बिघडली की आम्ही त्या भोकात लाल खुंटी खोचून ठेवतो. खुंटी दिसली की त्या नंबराला कुणालाच जोडायचं नाही. मी दोनशे चौदाला खुंटी खोचली. बिघाड नसताना. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला आणि मला इतकं बरं वाटलं! ज्याने ज्याने मागितला त्याला सांगितलं, "लाइन बंद आहे." गोड आवाजात. मजाच वाटत होती. हो, मजा वाटत होती.

मैदान दोन रस्ते पलीकडे. खिडकी उघडी होती. आरोळी आली की आपलं काही झालं, शांतता पसरली की त्यांचं. साडेतीन वाजता मोठी आरोळी. चारला आणखी एक. साडेचारनंतर बोर्डावर एकही दिवा नाही. अख्खं गाव मैदानात. मी विणकाम काढलं.

पाच वाजून पाच मिनिटांनी क्लीव्हलँडहून लोरेनची आई. "सामना संपेपर्यंत तिला सोबत म्हणून बोलते. दे जोडून." आईला नाही कसं म्हणू? खुंटी काढली.

काढली आणि त्याच क्षणी दोनशे चौदाचा दिवा लागला.

खुंटी आत असली की त्या घरातून कुणी कितीही वेळ फोन उचलून धरला तरी बोर्डावर दिवा लागत नाही. हे मला ठाऊक आहे. पोरींना शिकवते मी हे. बाहेरून येणारे थांबवण्याच्या नादात आतून कुणाला बोलायचं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी म्हटलं, "लोरेन?"

आधी नुसता श्वास. मग, "वांडा... फार रक्त जातंय. कितीतरी वेळ उचलून धरलाय. कुणी बोलतच नाही."

डॉक्टरांच्या घरी कुणी नाही. अग्निशमनवाले नाहीत. शेजारीपाजारी कुणी नाही. सगळे एकाच ठिकाणी! मैदानाच्या तिकीट खिडकीला जोडला. गस बोलला.

"गस, भोंग्यावरून डॉक्टर पेटिबोनना बोलाव. मेपल रस्त्याचं शेवटचं घर. आत्ता."

"वेडी आहेस का? नववी इनिंग आहे! एकने पुढे आहोत, दोन बाद झालेत. दहा मिनिटं—"

"आत्ता गस."

"शेवटचं घर म्हणजे... अगं, टेड मैदानात उभा आहे! त्याला ऐकू जाईल!"

मला ते ठाऊक नव्हतं का? मी एकोणीस वर्षं याच दहा मिनिटांची वाट बघितली. म्हटलं, "नाहीतर मी धावत येते आणि मीच ओरडते."

मग खिडकीतून भोंगा ऐकू आला. डॉक्टर पेटिबोन, मेपल रस्ता, शेवटचं घर, तातडीने. आणि सगळा गोंगाट हळूहळू बसत गेला.

पुढचं काझने सांगितलं. टेडने हातमोजा जमिनीवर ठेवला. फेकला नाही, ठेवला. आणि कुंपणाच्या फाटकाकडे पळत सुटला. लोकांना आधी कळेचना. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी "पळपुटा!" म्हणालं. त्याच्या जागी बदली खेळाडू आला. तिसऱ्याच चेंडूला फटका त्याच्या बाजूला, लांब. त्याने झेप घेतली. नाही मिळाला. टेड असता तर मिळाला असता का, यावर उद्यापासून माणसं मरेपर्यंत भांडतील. काझ म्हणतो, मिळाला नसता. पण नजर चुकवून म्हणतो.

चार-तीन. हरलो.

डॉक्टरांनी तिला आपल्याच गाडीत घातलं. हॉस्पिटल ऑल्डनला आहे. वाटेत त्यांची मिरवणूक, बँड, गाड्यांचे भोंगे. टेड खाली उतरून, आमच्या टीमच्या कपड्यांत, हात जोडून रस्ता मागत पुढे पळत होता. त्यांनी दिला. टोप्या काढून दिला, म्हणे.

२१ सप्टेंबर

मुलगी झाली. साडेतीन पौंड. काचेच्या पेटीत ठेवलीय. लोरेनला चार बाटल्या रक्त दिलं. त्यातल्या दोन बाटल्या ऑल्डनच्या खेळाडूंच्या.

२२ सप्टेंबर, शनिवार

डॉक्टर एक्सचेंजवर आले. माझा हात हातात घेतला. "बाई, तुम्ही हट्ट धरला नसता तर गेली असती." मग टोपी घालता घालता म्हणाले, "तासभर आधी कळलं असतं तर जास्त बरं. आता तिला दुसरं मूल होणार नाही. पण या दोघी आहेत, हेही कमी नाही."

मी म्हणाले, "डॉक्टर—"

ते म्हणाले, "काय?"

मी म्हणाले, "काही नाही."

२५ सप्टेंबर

गावाने आपलं आपण ठरवून टाकलंय. फोन करकरून लोकांनी लाइन अडवली, म्हणून लोरेनचा फोन लागला नाही. लोरेनलाही तसंच वाटतं. स्वीनीच्या बारमध्ये कुणी मान वर करत नाही. टेडचा फोटो पुन्हा काचेवर. मिसेस ब्रोगन त्यांच्या घरी खिम्याची भाजलेली वडी देऊन आल्या आणि बाहेर पायरीवर बसून रडल्या. माझ्याकडे घरी भाजलेल्या तीन गोड पाई आल्या, दोन सफरचंदाच्या, एक भोपळ्याची. "वांडा होती म्हणून!" रस्त्यात थांबवून म्हणतात.

मी पाई घेते. थँक्यू म्हणते.

२९ सप्टेंबर, शनिवार

ठरवलं होतं, आज काझला सांगायचं. चर्चमध्ये नाही, मिस ऑर्डवेंना नाही, आधी काझला. कॉफी ओतली, समोर बसले.

तोच आधी बोलला. "मी टेडकडे गेलो होतो. सांगितलं, रविवारचा तो मी होतो. गुरुवारीही एकदा गिरणीच्या फाटकावरून लावला होता."

"गुरुवारी लाइन बंद होती काझ."

"तेच तर! आमच्यासारख्यांनीच बंद पाडली ना." त्याची हनुवटी हलायला लागली. आई गेली तेव्हाही मी त्याला असं पाहिलं नव्हतं. "टेडने मारलं असतं तर बरं होतं. म्हणाला, 'आत ये, कॉफी घे.' कॉफी, वांडे!"

माझ्या तोंडात शब्द आले होते. दातांपर्यंत. ते बोलले असते तर त्याच्या मानेवरचं ओझं त्याच क्षणी उतरलं असतं. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत बसले.

६ ऑक्टोबर

मुलगी पाच पौंडांची व्हायला आली. पुढल्या आठवड्यात घरी आणतील. लोरेनचा फोन आला होता. हसली. मी बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागले असं खोटंच सांगून लवकर बंद केला.

लाल खुंट्या एका डब्यात असतात. सात आहेत. मला डबा उघडायला हेझेलला सांगावं लागतं.

२८ ऑक्टोबर, रविवार

आज चर्चमध्ये मुलीचा बाप्तिस्मा झाला. टेडने तिला माझ्याच हातात दिलं. फादरनी नाव विचारलं, तर लोरेन माझ्याकडे बघून म्हणाली, "वांडा."