धुराच्या राक्षसाच्या तोंडात पाणी

४ ऑगस्ट, विजयनगर, म्हैसूर

परत तेच. मृदुलाताई म्हणतात, कागदावर आहे तेवढंच सांग, पदरचं घालू नको. शाळाशाळांत हवामानाच्या गोष्टी सांगायची संस्था त्यांची, मान्य. पण कागद वाचून गोष्ट होते का? सात पिढ्या आम्ही गोंधळी संबळ वाजवतोय. कागदात काय, तर दीड डिग्री. दीड डिग्रीला पोरं भितात होय? राक्षस पाहिजे.

६ ऑगस्ट

ठरलं. रोज पहाटे कन्नड शिकायचं. माझं मराठी श्रीहरी कन्नडात सांगतो. मी तीन मिनिटं बोललो की हा एक ओळ बोलतो. विचारलं, बाकीचं कुठं गेलं? म्हणाला, बाकीचा नुसता आवाज होता.

७ ऑगस्ट

उठलो नाही. गारठा होता.

१२ ऑगस्ट, पिरियापट्टणजवळची शाळा

राक्षस घातलाच! तंबाखू सुकवायच्या भट्टीत राहतो, झाडं खातो, धूर ओकतो, पावसाला पळवून लावतो. इकडं दारोदार भट्ट्या, सीझन चालू, पोरांना लगेच पटलं. तुळसी म्हणून तिसरीतली पोरगी उठून विचारते, तो मरतो कसा? श्रीहरी हळूच म्हणाला, दिगू, इथंच थांब. मी थांबतोय! संबळवर कडकडाट केला आणि स्वतःच ओरडलो, बायिगे नीरु! त्याच्या तोंडात पाणी! माझं पहिलं कन्नड वाक्य. अख्खी शाळा माझ्यामागं ओरडली. श्रीहरीची गरज संपली.

१४ ऑगस्ट

काल तुळसीनं घरच्या भट्टीच्या तोंडात घागर ओतली. वाफ उसळली. दोन्ही हात आणि गळा भाजला. म्हैसूरला आणलंय. ताई ओरडल्या नाहीत. अय्यो दिगू, लेकराला काय रे ठाऊक गोष्ट म्हणून, एवढंच.

माझं म्हणणं, मोठी माणसं कुठं होती? भट्टीजवळ पोर गेलीच कशी? आणि गोष्ट पोचली, हे कुणी बोलतच नाही.

१५ ऑगस्ट

ठरलं. हॉस्पिटलात जाऊन पुढची गोष्ट सांगायची. राक्षस मेला म्हणायचं. पोरगी हसेल, सगळं मिटेल.

१८ ऑगस्ट

संबळ गेटवरच ठेवायला लावलं. कोपरापर्यंत बँडेज. मला बघितल्याबरोबर तिनं विचारलं, मेला का? तेवढं कन्नड मला कळतं. हौदु, म्हणजे हो, म्हणायलाच गेलो होतो. पण बाप शेजारी उभा. रात्रभर भट्टी लावून आलेला, नाहीतर पान वाया जातं. त्याच्या शर्टाला धुराचा वास. तो वाकला तशी तिनं तोंड फिरवलं.

हौदु. दोन अक्षरं. निघाली नाहीत.

२० ऑगस्ट

शाळांनी कार्यक्रम बंद केले. ताईंनी नऊ हजार हातावर ठेवले, गावाकडं जा म्हणाल्या. श्रीहरीला म्हटलं, माझी चूक फक्त शेवटच्या ओळीत होती. तो म्हणाला, ती ओळ तेवढी मी सांगितली नव्हती.

त्याच्याकडून तुळसीच्या बापाचा नंबर घेतला. मिरजेच्या तिकिटाचे सातशे ठेवून बाकीचे पाठवतोय. आठ हजार तीनशे.